झाडनाची बादली

आधी माफी मागतो. हे लिहिणारा तू कोण, असं कोणी विचारण्याआधी मीच स्वतःला विचारलं आहे आणि नीट उत्तर मिळालेलं नाही. आमच्या घरातून माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरी लिहिण्याचा संबंध सहीपुरताच, आणि तीही आई अजून थांबत थांबत करते. मी आजवर एकच लेख लिहिला. तो छापून आला, त्याचं कौतुक झालं, आणि त्याच्यामुळे एका बाईचं काम गेलं. त्यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण तो लेख कॉलेजच्या वाचनालयात अजून आहे, आणि त्यात जे नाही ते कुठेतरी असावं असं वाटतं, म्हणून पुन्हा लिहितो आहे. या वेळी कोणाचं नाव लिहिणार नाही. मागच्या वेळीही लिहिलं नव्हतं. त्याचा उपयोग झाला नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. समाजशास्त्राच्या सरांनी सगळ्यांना मजुरांच्या जीवनावर प्रकल्प करायला सांगितला होता. सर म्हणाले, प्रश्नावली घेऊन कोणाच्या दारात उभे राहू नका. जमलं तर दोन-तीन आठवडे त्यांच्याबरोबर काम करा आणि मग लिहा. वर्गातल्या बहुतेकांनी प्रश्नावल्याच भरल्या, काहींनी तर घरी बसून. मला मात्र सरांचं म्हणणं खरं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत राइस मिलमध्ये काम करीन असं मी घरी सांगितलं. बाबा त्या दिवशी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणी करून आले होते. पाय धुता धुता ते म्हणाले, "ज्या कामातून सुटाले तुले कॉलेजात टाकलं, तेच काम करून तुले मार्क भेटतेत?"

मला हसू आलं आणि रागही आला. उत्तर आलं नाही.

आमचं गाव आमगावच्या बाजूला. मिल गोंदियाच्या कडेला, आईच्या माहेरापासून, म्हणजे मुर्रीपासून, चालत जाण्यासारखी. आईच्या माहेरच्या गल्लीतली एक बाई तिथे बरीच वर्षं कामाला होती. नात्याने कोणी नाही, पण आई तिला बाई, म्हणजे मोठी बहीण, म्हणते म्हणून ती माझी मावशी. आईने तिला फोन केला. मावशी म्हणाली, पाठव, पण कॉलेजचं नाव काढू नको. शिकलेला पोरगा म्हटलं की मुनीमजी दारातूनच परत पाठवतो. तिने मुनीमजींना सांगितलं की हा माझ्या बहिणीचा पोरगा, घरी अडचण आहे, सुट्टीत काम पाहिजे. म्हणजे माझ्यासाठी ती खोटं बोलली. खोटं तरी किती? अडचण आमच्या घरी होतीच. पण मी तिथे अडचणीपायी गेलो नव्हतो, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

मला भुशाच्या बाजूला लावलं. धानाचं टरफल पंख्याच्या नळीतून उडत येऊन मागच्या खोलीत पडायचं आणि मी ते फावड्याने पोत्यात भरायचो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मान, कंबर, बोटांच्या बेचक्या सगळं खाजायला लागलं. मुनीमजी मला "ऐ पतले" म्हणायचे. मावशी माझे हात उलटे करून बघायची आणि बाकीच्या दोघींना दाखवायची. "पुस्तक उचलून उचलून कसे लोन्यासारखे झाले हात, पाहा," ती म्हणायची आणि मग स्वतःच हळद-तेल आणून द्यायची.

तिसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातला एक मुलगा वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसून धान घेऊन आला. त्यांची शेती मोठी. मी गमछा नाकाच्या वर ओढला आणि पाठ फिरवली. त्याने ओळखलं असेल की नाही, मला अजून माहीत नाही. मी लेखात हे लिहिलं नाही. तिथे मी लिहिलं की मजुरांबरोबर राहून मला श्रमाची प्रतिष्ठा कळली. खरं तर मला लाज वाटली होती. आणि लाज वाटल्याची चीडही आली होती, कारण माझ्या घरची सगळी माणसं हेच करतात. मी मजुराचं सोंग घेतलं होतं आणि ते सोंग उतरवलं की खालीही मजुराचंच घर होतं. तरी मला पाठ फिरवावीशी वाटली.

आता झाडनाबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मशीन बंद व्हायची. कान एकदम रिकामे व्हायचे. मग मावशी आणि आणखी दोघी जणी खराटे घेऊन आत जायच्या. धान ओतायच्या खड्ड्याभोवती, पट्ट्यांच्या खाली, पोती शिवतात तिथे दिवसभर काहीबाही सांडलेलं असायचं. त्यात भुसा, कोंडा, माती, खडे, सुतळीचे तुकडे, कनकी, म्हणजे तुटलेला तांदूळ, आणि थोडे अख्खे दाणे. या सगळ्याला झाडन म्हणतात. झाडायचं काम त्या तिघींचं आणि झाडन ज्या झाडतील त्यांचं, अशी रीत होती. कोणी दिली, कधी दिली, मावशीला सांगता आलं नाही. ती लागली तेव्हाही होती. त्याची ना कुठे नोंद होती ना कोणाची परवानगी. फक्त कोणी अडवत नव्हतं.

मावशी घरून स्वतःचं सूप आणायची. आवाराच्या कोपऱ्यात बसून ती झाडन पाखडायची. मी शेजारी बसून पाहायचो. सुपाला ती खालून एक बारीक धक्का द्यायची, की भुसा पुढे उडायचा; मग सूप किंचित तिरकं करायची, की खडे एका कोपऱ्यात जाऊन थांबायचे आणि तांदूळ मागे राहायचा. तांदळाएवढेच, तांदळाच्याच रंगाचे खडे. मी एकदा करून पाहिलं तर सगळंच पुढे जाऊन मातीत पडलं. ती म्हणाली, "काऊन बापा, जमिनीले भूक लागली काय?" दोघी जणी पदर तोंडाला लावून हसल्या.

त्यातून निघालेली कनकी घरी जायची. थोडी भाकरीत, बाकी कोंबड्यांना. मावशीकडे सात-आठ कोंबड्या होत्या आणि ती त्यांच्याबद्दल माणसांसारखी बोलायची: एक लबाड, एक रुसकी, एक जी दुसरीच्या अंड्यावर जाऊन बसते. गुडघ्यामुळे तिला रोवणीला जाता येत नव्हतं. दिवसभर चिखलात वाकणं तिला आता शक्य नव्हतं. मिल जवळ होती, बसून पाखडता येत होतं आणि रोजीत जे पुरत नव्हतं ते झाडन आणि कोंबड्या मिळून कसंबसं पुरं करायचे. तिची सगळी बसवलेली घडी त्या एका कोपऱ्यावर उभी होती.

मला हे सापडलं तेव्हा आनंद झाला. हाच शब्द खरा आहे. मला वाटलं, कोणत्याही पुस्तकात नाही असं काही तरी माझ्या हाती लागलं. मी ठरवलं की ही मेहेरबानी नाही, हा मजुरीचाच भाग आहे, हे सिद्ध करायचं. आणि सिद्ध करायला आकडा लागतो असं मी शिकलो होतो. म्हणून मी आवारातली एक बादली घेतली आणि चार दिवस, पाखडून झाल्यावर, मावशीचा तांदूळ त्यात मोजला. एवढासा तांदूळ, त्यासाठी इतका वेळ, इतकी धूळ, असं मला दाखवायचं होतं. मावशीने मोजू दिलं. एवढंच म्हणाली, "मोजून वाढत नाही रे ते."

लेख सरांना फार आवडला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला, काही ठिकाणी भाषा सुधारली आणि कॉलेजच्या वार्षिकांकात दिला. अंक हातात आला त्या दिवशी मी आमगावपर्यंत गाडीत उभा राहूनच आलो. बसलो असतो तर चुरगळला असता. घरी आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. आई मन लावून ऐकत होती. संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, डोळे भरले असतील.

मग ती म्हणाली, "बादलीचं कायले लिहिलास?"

मी तिला समजावलं की तो पुरावा आहे. पुराव्याशिवाय कोणी मानत नाही. बाईचं नाव तर कुठेच नाही, मिलचंही नाही. आई म्हणाली, बरं. तिच्या "बरं"ला काय अर्थ असतो हे मला चांगलं कळतं, पण त्या दिवशी मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, आईला यातलं काय समजणार. हे लिहायला नको वाटतं, पण मला तसं वाटलं होतं.

स्नेहसंमेलनाला व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांना नारळ, शाल आणि वार्षिकांक दिला गेला. त्या पाहुण्यांत मिलचे मालकही होते. त्यांनी कॉलेजला थंड पाण्याचं मशीन दिलं होतं. त्यांनी मला पाहिलं तरी ओळखलं नसतं. मिलमध्ये मी त्यांना लांबून दोनदाच पाहिलं होतं. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

होळीच्या थोडं आधी आईने सांगितलं की मावशीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं आहे. बाकीच्या दोघींना ठेवलं, पण आता गेटवर त्यांच्या पिशव्या उलट्या करून बघतात आणि झाडन पोत्यात भरून मिलच्याच गोदामात जातं.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. वाटेत मनात भाषण तयार केलं होतं. मुनीमजी आपल्या काचेच्या खोलीत होते. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एकदम उठून मला खुर्ची दिली. तीन आठवडे ज्या खोलीच्या दारात मी कधी पाय ठेवला नव्हता तिथे मला बसवलं आणि चहा मागवला.

"अरे, तू तो वही पतला है," ते म्हणाले. "बहुत अच्छा लिखा है बेटा. सेठजी ने खुद पढ़ के मेरे को दिया."

मी म्हणालो की त्या लेखामुळे एका बाईचं काम गेलं. ते म्हणाले की लेखामुळे कशाला जाईल, लेखात तर कोणाचं नाव नाही. पण ज्या बाईने कॉलेजच्या पोराला भाचा सांगून आत आणलं, तिच्यावर पुढे भरवसा कसा ठेवायचा, ते तूच सांग. हे सगळं ते रागाने बोलले नाहीत. हिशेबी माणूस जसं एखादी सोपी गोष्ट समजावतो तसं बोलले. मग त्यांनी ड्रॉवरमधून वार्षिकांक काढला. माझ्या लेखाचं पान दुमडलेलं होतं. बादलीच्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारली होती.

"झाड़न में इतना माल जाता है, हमको पता ही नहीं था," ते म्हणाले. "तूने नापा, तब मालूम पड़ा."

मी जो आकडा किती कमी आहे हे दाखवायला लिहिला होता, तो त्यांनी किती जातो म्हणून वाचला होता. एकच ओळ. तयार केलेलं भाषण कुठे गेलं कळलं नाही. चहा आला तो मी प्यालो. अजून त्याची चीड येते की मी तो चहा का प्यालो.

तिथून मुर्रीला गेलो. मावशी अंगणात बसली होती, सूप भिंतीला टेकवलेलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पाणी दिलं. मी सांगायला लागलो की माझा उद्देश तसा नव्हता, तर तिने हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, "मले वाचून तं दाखव. सगळे सांगून राहिले का माह्यावर लिहिलास. मीच ऐकलं नाही."

अंक माझ्या पिशवीत होता. तिथवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की तिला वाचून दाखवायला हवं होतं. सरांना दाखवला, आईला दाखवला, वर्गाला ऐकवला. तिला नाही. मी वाचायला लागलो. "श्रमिक स्त्रियांच्या उपजीविकेचे अलिखित आधार" असं शीर्षक होतं. ती समजल्यासारखी मान हलवत होती. कोंबड्या मध्येच पायात येत होत्या, ती त्यांना हाकलत होती, पण कान माझ्याकडे होता. बादलीच्या ओळीवर तिने मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"चार दिवस मोजलास," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी काय झालं?"

मला आठवेना.

"लाइन गेली होती. मशीन चाललीच नाही. झाडनात नुसती माती. अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी धूळ बसाले पानी मारलं होतं, सगळा चिखल. ते काऊन नाही लिहिलास?"

मी म्हणालो, त्या दिवशी मोजण्यासारखं काही नव्हतं.

"हो ना," ती म्हणाली. "मी तं त्या दिवशीही बसली होती."

एवढंच. ती रागावली नाही. मग तिनेच विषय बदलला आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं.

पुढचे काही महिने मी बरंच काही केलं आणि त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. सरांकडे गेलो. सर खरोखर अस्वस्थ झाले आणि मला म्हणाले, मालकांना एक सविस्तर पत्र लिही. म्हणजे पुन्हा लिही. मी लिहिलं, सरांनी त्यातली भाषा सुधारली. उत्तर आलं नाही. आमगावच्या वाटेवरच्या दोन मिलमध्ये विचारलं. दोन्हीकडे झाडायला आधीच बाया होत्या आणि त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्यावरून कळलं की त्यांना मी त्यांची जागा घ्यायला आलेला वाटतो आहे. एका ठिकाणी मी विचारलं की झाडन कोण नेतं, आणि तोंडातून निघता निघताच जीभ चावली. मावशी स्वतः एका घरी भांडी घासायला लागली, पण ते घर लांब, गुडघ्याला झेपेना, महिन्याभरात सोडलं. मी आईला फोनवर दर वेळी विचारायचो. आई म्हणायची, चाललं आहे. कोंबड्यांचं विचारलं की म्हणायची, हायेत.

त्याच सुमारास कॉलेजने उत्कृष्ट लेखाचं प्रमाणपत्र दिलं. मी ते घरी नेलं नसतं, पण बाबांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून पाहिलं, उलटं करून मागेही पाहिलं आणि पेटीत ठेवलं.

यंदाच्या दिवाळीनंतर, नवं धान मिलमध्ये यायला लागलं तेव्हा, आईचा दुपारी फोन आला. मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर होतो. आई म्हणाली, मावशीला परत बोलावलं. मुनीमजी स्वतः मोटरसायकलवर मुर्रीला आले होते.

मी विचारलं, कसं काय? आईने तिच्या पद्धतीने सुरुवातीपासून सांगितलं. मिलवाल्यांनी होळीपासून झाडन आपल्याच मालात मिसळलं. चाळणीतून काढलं, पण तांदळाएवढा खडा चाळणीला कळत नाही. सरकारी गोदामात पाठवलेला माल खडे आहेत म्हणून परत आला, एकदा नाही, दोनदा. बाकीच्या दोघींच्या हाताने तो खडा निघेना, मग कोणाला तरी मावशीचं सूप आठवलं.

मला इतका आनंद झाला की मी पायऱ्यांवरून उठून उभा राहिलो. म्हणालो, म्हणजे तिची जागा परत मिळाली.

"जागा तेच हाये," आई म्हणाली. "त्याच कोपऱ्यात बसते, रोजीवर. दिवसभर झाडन पाखडते. तांदूळ मिलच्या पोत्यात जाते, अन् जातानी पिशवी पाहतेत."

मी पुन्हा पायरीवर बसलो. आईला वाटलं फोन कटला. तिने हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली की मावशी माझं विचारत होती, पास झाला का म्हणून.

मी विचारलं, कोंबड्यांना मग ती काय घालते?

कोंबड्या तर तिने उन्हाळ्यातच विकल्या, आई म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली होती.